अठराव्या शतकातल्या इंग्रजी कवितांच्या हस्तलिखित वह्या: वाचायच्या कशा, काळ ठरवायचा कसा?

चाटीगल्ली (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

अठराव्या शतकात इंग्लंडमधले वाचक आवडलेल्या कविता स्वतःच्या हातानं कोऱ्या वहीत उतरवून ठेवत. अशा एका वहीची छायाचित्रं परदेशातल्या एका ग्रंथालयानं सर्वांसाठी खुली केली आहेत. एम.ए.च्या लघुप्रबंधाला ती घ्यायची आहे. मूळ वही सोलापुरात बसून हाताळता येणार नाही, जे काही करायचं ते १८४ चित्रांवरूनच.

अडलेल्या जागा सांगतो. पहिल्या पानावर एका बाईंचं नाव आहे, पण अक्षर निदान दोन जणांचं दिसतं. शेवटची वीसेक पानं उलटी आहेत आणि त्यांत कविता नसून मुरंब्याच्या आणि औषधांच्या कृती आहेत. पान १२ वर '१० फेब्रुवारी १७४३/४' अशी जोडसालाची तारीख आहे. पान ६१ वर टॉमस ग्रेची खेड्यातल्या चर्चच्या आवारात सुचलेली प्रसिद्ध विलापिका आहे. तीत मृत्युलेखाच्या आधी रॉबिन पक्ष्याचं एक कडवं येतं, ते आमच्या क्रमिक पुस्तकात नाही. पान ९० वरच्या एका कवितेच्या मथळ्यात मात्र '१७३८' आहे, म्हणजे काळ मागे गेला. शिवाय तीसेक कवितांखाली कवीचं नाव नाही आणि साध्या शोधात त्या सापडतही नाहीत. त्या अप्रकाशित समजायच्या का?

आणखी एक. आपल्याकडच्या बाडांशी, म्हणजे हातानं उतरवलेल्या जुन्या मराठी वह्यांशी, याची तुलना केली तर ती ओढूनताणून होईल का?

---

पत्रांक

कवी कोण, कविता छापली गेली होती का, हे प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी वही कशी भरत गेली ते समजून घ्या. या वह्यांमधल्या बहुतेक कविता कुठे ना कुठे मिळतात. त्या कोणी निवडल्या, कोणत्या क्रमानं उतरवल्या आणि कशाशेजारी कशाला जागा दिली, हे मात्र जगात फक्त त्या एका वहीत असतं. तुमच्या प्रबंधाचा विषय तोच आहे.

सुरुवात तक्त्यानं करा. प्रत्येक चित्राला एक ओळ, कोऱ्या पानांनासुद्धा. रकाने इतके तरी हवेत: चित्राचा क्रमांक, वहीतला मूळ पृष्ठांक (असल्यास), मथळा जसाच्या तसा, पहिली ओळ, शेवटची ओळ, एकूण ओळी, खाली किंवा वर दिलेलं नाव, अक्षर कोणाचं (अ, ब, क अशी खूण पुरे), शाईचा रंग आणि शेरा. शेवटच्या ओळीचा रकाना लोक गाळतात आणि मग पस्तावतात. पहिली ओळ नकलाकारांच्या हातून सहज बदलते, 'पाहा' चं 'बघा' होतं. कधी वरची दोन कडवी गळतात आणि कविता तिसऱ्यापासूनच सुरू होते. शेवटची ओळ त्या मानानं टिकते.

कोरी पानं आणि कापलेल्या पानांचे शिवणीजवळ राहिलेले पट्टेही नोंदवा. पट्टा दिसतो तिथे पान मुद्दाम काढलेलं असतं. त्यावर एखादं अक्षर शिल्लक असेल तर तेही उतरवा. मधेच चार कोरी पानं आली तर नकलाकारानं लांब कवितेसाठी जागा राखली असेल, किंवा त्याला वेगळा विभाग सुरू करायचा असेल. मागून कोणी ती जागा दुसऱ्याच कवितेनं भरली, तर पानांचा क्रम एक आणि लिहिण्याचा क्रम दुसरा होतो. तारखांचा घोळ बरेचदा इथेच जन्मतो.

उलट्या पानांनी गोंधळून जाऊ नका. कागद महाग होता. एका टोकानं कविता आणि वही उलटी करून दुसऱ्या टोकानं कृती किंवा हिशेब, ही सर्रास चालणारी रीत होती. ती पानं चित्रं फिरवून, शेवटाकडून वाचा आणि त्यांना वेगळे क्रमांक द्या. दोन्ही बाजूंची शाई आणि अक्षर जुळवून बघा. मुरंब्याच्या कृती 'ब' अक्षरात असतील आणि पुढच्या कवितांमध्येही 'ब' भेटत असेल, तर वही घरात एका हातातून दुसऱ्या हातात गेली असण्याची शक्यता बळावते.

पहिल्या पानावरचं नाव हे मालकीचं नाव आहे. संग्रह त्याच बाईंनी केला हे त्यावरून ठरत नाही. वही भेट मिळालेली असेल, वारशानं आलेली असेल, दोन पिढ्यांनंतर कोणी नाव घातलेलं असेल. त्या नावाचं अक्षर आतल्या 'अ' किंवा 'ब' शी जुळतं का, हे आधी बघायचं. त्यासाठी मोठी अक्षरं, म्हणजे एम, टी, डब्ल्यू यांची वळणं सगळ्यात उपयोगी. लहान अक्षरं त्या काळी गोल वळणाच्या कित्त्यांवर घोटलेली असत, त्यामुळे दोन माणसांची लहान अक्षरं फसवी सारखी दिसतात.

---

लांबएस

अक्षर वाचण्याबद्दल थोडं, कारण पहिल्या आठवड्यात सगळे इथेच अडखळतात.

लांब एस म्हणजे एस या अक्षराचं जुनं रूप, तो एफसारखा दिसतो. तो शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येतो, शेवटी कधीच नाही. दोन एस जोडून आले की पहिला लांब, दुसरा आखूड. छापखान्यांनी १८०० च्या आसपास तो सोडला, पण हस्ताक्षरात जोड-एसमधला पहिला लांब एस पुढेही बरीच वर्षं टिकला. म्हणून केवळ लांब एस दिसला म्हणून वही १८०० च्या आधीची असं ठरवू नका. एफपासून तो वेगळा काढायचा तर ज्या शब्दांबद्दल शंका नाही असे दहा शब्द घ्या, त्यांतले एफ आणि एस कापून शेजारी शेजारी चिकटवा आणि रेघेखालचा फास कुठल्या बाजूला वळतो ते पाहा. प्रत्येक हाताचं वळण ठरलेलं असतं. अशी पूर्ण वर्णमालाच 'अ' आणि 'ब' साठी वेगवेगळी बनवून ठेवा. दोन तासांचं काम आहे, पुढचे दोन महिने सुखाचे जातात.

वायच्या डोक्यावर बारीक ई असेल तर तो शब्द 'द' असा वाचायचा. हा वाय म्हणजे 'थ' साठी असलेल्या जुन्या इंग्रजी अक्षराचा उरलेला अवशेष आहे, त्याचा उच्चार 'य' कधीच नव्हता. वायवर टी असेल तर 'दॅट', डब्ल्यूवर सीएच असेल तर 'विच', डब्ल्यूवर टीएच असेल तर 'विथ'. नक्कल करताना हे शब्द उलगडून लिहा आणि भर घातलेली अक्षरं तिरकी करा, म्हणजे मूळ काय होतं ते कळत राहील. बाकी शब्दलेखन, मोठी अक्षरं, विरामचिन्हं यांना हात लावू नका.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे शब्दाच्या शेवटी ईडी आहे की ई गाळून वर स्वल्पविरामासारखी खूण केली आहे. खूण असेल तिथे एक उच्चार कमी होतो. ग्रेच्या विलापिकेची ओळ दहा अवयवांची (उच्चारखंडांची) आहे. तिथे 'सुधारून' ईडी लिहिलंत तर वाचणाऱ्याच्या तोंडी ओळ अकरा अवयवांची होते आणि नकलाकाराला छंदाचा कान होता की नाही, हा पुरावाच पुसला जातो. आपल्याकडे गणवृत्तातला ऱ्हस्व-दीर्घ 'शुद्धलेखनासाठी' बदलला की श्लोक लंगडतो, तोच प्रकार.

नावांमध्ये मधली अक्षरं गाळून आडवी रेघ मारलेली दिसेल. उपहासाच्या आणि राजकीय कवितांत ही रीत होती, बदनामीच्या खटल्यापासून आडोसा म्हणून. ती नावं मनानं भरू नका. कधीकधी वहीतच समासात दुसऱ्या अक्षरात पूर्ण नाव दिलेलं असतं. ते मोलाचं. ते कोणाच्या अक्षरात आहे, याची वेगळी नोंद घ्या.

---

शकसंवत

तारखांबद्दल. जोडसालाचं कोडं सोपं आहे. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, पण रोजच्या व्यवहारात अनेक जण १ जानेवारीपासूनच नवं साल धरत. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळासाठी दोन्ही साल लिहीत. '१० फेब्रुवारी १७४३/४' म्हणजे आपल्या हिशेबानं १७४४ चा फेब्रुवारी. प्रबंधात १७४४ लिहा आणि मूळ नोंद शेजारी द्या. कुठे एकच साल असेल आणि महिना जानेवारी ते मार्चमधला असेल तर एक वर्षाची शंका ठेवावीच लागते. १७५२ साली २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, अकरा दिवस गाळले गेले. वाढदिवसाच्या किंवा समारंभाच्या कवितेची तारीख त्या वर्षाच्या आसपास असेल तर हेही आठवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. वहीतल्या तारखा तीन प्रकारच्या असतात: कविता रचल्याची, ज्या प्रसंगावर ती रचली त्याची, आणि वहीत उतरवल्याची. मथळ्यातली तारीख बहुतेक वेळा पहिल्या दोनपैकी असते. पान ९० वरचं १७३८ हे रचनेचं किंवा प्रसंगाचं साल आहे असं धरलं की काळ मागे जात नाही. कोणीतरी जुनी कविता नंतर उतरवली, इतकंच. हाच नियम पान १२ लाही लावा. १७४४ हे साल त्या कवितेचं असू शकतं, पान त्याच दिवशी लिहिलं असं त्यानं सिद्ध होत नाही.

ग्रेची कविता तुमचा सगळ्यात भक्कम खुंटा आहे. ग्रेनं पुरी झालेली कविता १२ जून १७५० ला आपला मित्र होरेस वॉलपोल याच्याकडे पाठवली. वॉलपोलनं ती मित्रमंडळीत फिरवली, नकला हातोहात पसरल्या. 'मॅगझिन ऑफ मॅगझिन्स' या मासिकाच्या मंडळींनी ती छापणार असल्याचं ग्रेला कळवलं. मग घाईघाईनं प्रकाशक रॉबर्ट डॉड्सलीकडून १५ फेब्रुवारी १७५१ ला ती पुस्तिकारूपानं निघाली. म्हणून पान ६१ हे १७५० च्या जूनआधीचं मानणं कठीण. पान ६१ ते ९० शाई आणि अक्षर न तुटता सलग असेल, तर पान ९० सुद्धा त्यानंतरचंच.

रॉबिनचं कडवं १७५१ च्या काही छापील आवृत्तींत होतं आणि १७५३ च्या आवृत्तीतून ग्रेनं ते काढलं. यावरून 'नक्कल १७५१ ते १७५३ मधली' असं लिहायचा मोह होईल. ते लिहू नका. १७५१ ची पुस्तिका घरात असलेला माणूस १७६५ मध्येही तीवरून उतरवू शकतो. कडव्यावरून कळतं ते मूळ कोणतं होतं, नक्कल कधी झाली ते नाही.

एक तपासणी लगेच करा. ज्या कडव्यात खेड्यातल्या अज्ञात थोरांचा उल्लेख आहे, तिथे हॅम्डेन, मिल्टन, क्रॉमवेल ही नावं आहेत की केटो, टली (म्हणजे सिसेरो), सीझर? ग्रेच्या सुरुवातीच्या खर्ड्यात, जो आता ईटन कॉलेजात आहे, रोमन नावं होती. नंतर त्यानं ती बदलून इंग्रज नावं घातली. तुमच्या वहीत रोमन नावं निघाली तर ती फार मोठी गोष्ट ठरेल. इंग्रज नावं असतील, आणि बहुधा तीच असतील, तर छापील पाठाशी ओळीन् ओळ ताडून बघा.

---

चाटीगल्ली

इंग्रज नावंच आहेत, आत्ता पाहिलं. पान ५८ ते ९३ एकाच अक्षरात आहेत, पण शाई ७४ नंतर फिकट तपकिरी होते. याचा अर्थ काय लावायचा? आणि कागदावरून काही कळेल का? चित्रांत उभ्या-आडव्या बारीक रेघा दिसतात.

---

दौतबोरू

शाईचा रंग बदलला म्हणजे दौत बदलली, एवढंच खात्रीनं म्हणता येतं. ती शाई माजूफळ, हिराकस आणि बाभळीच्या जातीचा डिंक पाण्यात घालून होई. माजूफळातलं आम्ल आणि हिराकशीतलं लोखंड एकत्र आलं की काळा रंग धरतो. वर्षं गेली की तो तपकिरी होतो. घरोघरी प्रमाण वेगळं, एका घरातसुद्धा एका खेपेची शाई दुसऱ्या खेपेसारखी होत नसे. हिराकस जास्त पडली तर शाई कागद खाते, अक्षरांच्या जागी भोकं पडतात. पाणी जास्त घातलं तर आठवडाभरानं लिहिलेलंही वेगळं दिसतं. पान ७४ ला खंड पडला, तो तासाचा की वर्षाचा हे शाई सांगणार नाही. लेखणी नव्यानं तासली का, ओळींमधलं अंतर बदललं का, समास बदलला का, हे सोबत पाहा. तिन्ही एकदम बदलले असतील तर मधे बराच काळ गेला असावा.

त्या रेघा कागदाच्या साच्यातल्या तारांच्या आहेत. दाट बारीक रेघा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण २५ मिलिमीटर अंतरावरच्या ठळक रेघा. ठळक रेघा पानावर आडव्या असतील तर पूर्ण ताव दोनदा दुमडून चार पानं केली आहेत आणि जलचिन्ह (कागद उजेडात धरला की दिसणारी गिरणीची खूण) शिवणीच्या घडीत, मधोमध अडकलेलं सापडेल. उभ्या असतील तर ताव एकदा किंवा तीनदा दुमडलाय, वहीच्या आकारावरून कोणतं ते कळेल. चित्रांत जलचिन्ह बहुधा दिसत नाही, पण ग्रंथालयाला पत्र लिहून पानामागून प्रकाश टाकलेलं एखादं चित्र मागता येतं. पानांचे क्रमांक नेमके द्या, 'सगळी पाठवा' म्हणू नका.

या रेघा नसलेला गुळगुळीत कागद दिसला तर तोही पुरावा. तो जेम्स व्हॉटमनच्या कागद गिरणीत तयार झाला आणि १७५७ साली मुद्रक बास्करव्हिलनं छापलेल्या व्हर्जिलमध्ये पहिल्यांदा पुस्तकात आला. सामान्य वहीत तो दिसला तर ती शतकाच्या अखेरीकडची असण्याची शक्यता जास्त. १७९४ नंतर इंग्रजी कागदाच्या जलचिन्हात साल घालायची पद्धत रूढ झाली, करसवलतीच्या कायद्यामुळे. साल मिळालं तर कागद त्याआधीचा नाही हे पक्कं. लिहिणं त्यानंतर कितीही वर्षांनी झालेलं असू शकतं.

---

आर्यागीती

बाडांशी तुलनेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुलना मुळीच ओढूनताणून नाही, पण कुठे जुळतं आणि कुठे फाटतं हे नेमकं सांगावं लागेल.

जुळतं ते असं. दोन्हीकडे एका वाचणाऱ्यानं, गाणाऱ्यानं आपल्या गरजेपुरतं निवडलेलं आहे. बाडात मोरोपंतांच्या आर्या, वामनपंडितांचे श्लोक, आरत्या, पदं, भूपाळ्या आणि त्यांच्याच पाठोपाठ एखादी लावणी, औषधाची कृती, उसनवारीची नोंद असं सगळं नांदतं. तुमच्या वहीतल्या मुरंब्याचं नवल वाटायचं कारण नाही. सोलापूरचे रामजोशी तर लावणीही रचत आणि कीर्तनही करत. एकाच काळात, एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही चालत होतं. मग बाडात ती शेजारी आली तर 'मिसळ झाली' असं म्हणणं आपली आजची वर्गवारी त्यांच्यावर लादणं आहे. इंग्रजी वहीतही प्रार्थनागीताखाली चावट चुटका येतो. त्याकडे याच नजरेनं बघा.

फाटतं ते इथे. आपल्याकडे कवीचं नाव कवितेच्या आत विणलेलं असतं. 'तुका म्हणे' काढून टाकलं तर ओळच मोडते. इंग्रजी कवितेत नाव बाहेर, वर किंवा खाली लावलेलं असतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या नकलेत ते गळून पडतं किंवा एखाद्या प्रसिद्ध नावानं बदललं जातं. कोणाचीही खरमरीत द्विपदी पोप किंवा स्विफ्टच्या नावावर जाई. निनावी तीस कविता मिळाल्या यात म्हणूनच काही विशेष नाही. उलट आपल्याकडे नाममुद्रा आत असल्यामुळे कवितेचा धनी हरवत नाही, पण दुसऱ्यानं रचून थोर नाव आत घालण्याचा धोका राहतो. इंग्रजीत नाव आहे म्हणून विश्वास ठेवू नये, मराठीतही ठेवू नये, पण दोन्हीकडची कारणं वेगळी. या एका मुद्द्यावर तुमचं पूर्ण प्रकरण उभं राहील.

दुसरा फरक नकलाकाराचा. पोथीच्या शेवटी आपला लेखक शक, संवत्सर, तिथी आणि बरेचदा स्वतःचं नाव देतो. वर 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया' म्हणून चुकांची जबाबदारीही झटकतो. वर्षानुवर्षं भरत गेलेल्या बाडात अशी समाप्ती क्वचित, कारण ते संपतच नाही. इंग्रजी वहीचंही तसंच. जिथे शक आणि संवत्सर दोन्ही असतील तिथे पडताळा घ्या: शकात १२ मिळवून ६० नं भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला. शके १७१२ घ्या. १७२४ भागिले ६०, बाकी ४४, साधारण संवत्सर. नोंदीत दुसरंच नाव असेल तर आकडा वाचताना चूक झाली आहे किंवा नकलाकाराची चूक आहे. १ आणि ९ इथे फार घात करतात. इसवी सनासाठी ७८ मिळवा, तिथी जानेवारी ते मार्चमध्ये पडत असेल तर ७९.

सोलापूरकडचं बाड निवडणार असाल तर एक सावधगिरी. बालबोध लिपीत उतरवलेलं कानडी पद मराठी समजून वाचायला गेलात तर ते 'अशुद्ध मराठी' वाटेल. अर्थ लागत नसेल तर दुरुस्ती करू नका, कानडी जाणणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवा.

---

पत्रांक

अप्रकाशित कवितांचं राहिलं. 'सापडली नाही' आणि 'छापली गेली नाही' यांत फार अंतर आहे.

शोधाचा क्रम असा ठेवा. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयाची पहिल्या ओळींची संयुक्त सूची जालावर मोफत आहे. हस्तलिखित कवितांसाठी तिथून सुरुवात. लीड्स विद्यापीठाच्या ब्रदरटन संग्रहाची हस्तलिखित कवितांची सूचीही आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातल्या हस्तलिखितांसाठी मार्गारेट क्रम यांची १९६९ ची सूची, तीत पहिल्या ओळीसोबत शेवटचीही ओळ दिलेली आहे. तक्त्यात शेवटची ओळ मागितली ती यासाठी. अठराव्या शतकातल्या छापील काव्यसंग्रहांसाठी 'डिजिटल मिसेलनीज इंडेक्स'. त्यानंतर मासिकं: 'जेंटलमन्स मॅगझिन' १७३१ मध्ये सुरू झालं आणि त्यात दर महिन्याला कवितांची पानं असत. त्याचे जुने खंड जालावर चाळायला मिळतात. वह्यांमधल्या कितीतरी कविता तिथून उचललेल्या असतात. डॉड्सलीचा अनेक कवींचा संग्रह १७४८ साली तीन खंडांत निघाला आणि १७५८ पर्यंत सहा खंडांचा झाला, तोही हाताशी ठेवा.

शोधताना पूर्ण ओळ टाकू नका. शब्दलेखन बदलतं, सुरुवातीचा शब्द बदलतो. ओळीतले दोन कमी वापरातले शब्द घ्या, किंवा यमकाची जोडी घ्या. यमकाचे शब्द नकलाकार सहसा बदलत नाही, बदलले तर पुढची ओळही बदलावी लागते. विशेषनाम असेल तर ते शेवटी वापरा, कारण स्थानिक लोक तीच कविता घेऊन आपल्या गावातल्या बाईचं नाव तीत घालत. दुसऱ्या कोणाच्या नावानं तीच कविता सापडली की ती चूक म्हणून खोडू नका. कविता नव्या प्रसंगाला कशी वापरली गेली, याचा तो थेट पुरावा आहे.

इतकं करूनही काही उरलं तर 'या सूचींमध्ये आढळली नाही' असं सूचींची नावं देऊन लिहा. 'अप्रकाशित' हा शब्द टाळा. परीक्षकानं एखादी कविता एखाद्या मासिकात दाखवली तर पूर्ण प्रबंधाचा पाया हलतो. वहीत कोडी असतील आणि त्यांना उत्तरं नसतील तर ती अपुरी समजू नका. मासिकांत कोडं एका अंकात आणि उत्तर पुढच्या अंकात येई, शिवाय वही चारचौघांत फिरवायची तर उत्तर झाकलेलं बरं.

एक मोह आणखी होईल, विषयवार वर्गीकरणाचा. तत्त्वज्ञ जॉन लॉकनं वहीच्या सूचीची एक पद्धत सांगितली होती: मथळ्याचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर, या जोडीनुसार दोन पानांत शंभरेक खाने. बेल या प्रकाशकानं १७७० मध्ये त्या धर्तीची तयार कोरी वही विकायलाही काढली. पण ती पद्धत टिपणांसाठी, उताऱ्यांसाठी. कवितांच्या वह्या बहुतेक करून हाती येईल तशा भरत जात आणि सूची असलीच तर शेवटी मथळ्यांची. तुमच्या वहीत तशी सूची असेल तर तिचं अक्षर तपासा. सूची जिथे थांबते, तिथे पहिल्या संग्राहकाचं काम थांबलं असण्याची दाट शक्यता. तिथून पुढची पानं वेगळा विभाग म्हणून वाचा.

---

चाटीगल्ली

सूची आहे. पान ९३ पर्यंतच आहे. आणि ९४ पासून 'ब' अक्षर सुरू होतं. हे आधी लक्षातच आलं नव्हतं. मनापासून आभार. आज रात्री तक्ता नव्यानं मांडतो.

तुलनेसाठी एका बाडाची छायाचित्रं घ्यायला परवानगी मिळाली आहे. ते पत्र्याच्या खोलीत ट्रंकेत आहे. काय काळजी घ्यावी?

---

दौतबोरू

पहिली गोष्ट: ट्रंक पत्र्याखालून हलवा. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. कागद वाळून कडक होतो, घडीवर तुटतो. आतल्या खोलीत, भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंचावर ठेवा आणि एक दिवस तसंच राहू द्या. ट्रंकेतून काढल्याकाढल्या उघडू नका.

बोरूची काळी शाई काजळाची असते. ती उडत नाही, पण पाण्यानं पसरते. इंग्रजी वहीच्या नेमकं उलट: ती शाई फिकी होते, कागद खाते, पण सहजी वाहत नाही. म्हणून ओला बोळा, थुंकी लावून पान उलटणं, घामाची बोटं, सगळं वर्ज्य. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं शिवणीकडून बाहेर झटका. पानं चिकटली असतील तर सोडवू नका, तशीच चित्रित करा आणि शेरा लिहा. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांचं नावही काढू नका.

बाड आखूड बाजूनं शिवलेलं असतं, पानं वरच्या दिशेनं उलटतात. सपाट पाडायला जाल तर दोरा तुटेल. खाली दोन उशा किंवा घडी केलेल्या सोलापुरी चादरी घ्या आणि उघडा कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा, इतकाच ठेवा. मोबाइल तिपाईवर, पानाला समांतर. प्रकाश खिडकीचा, उन्हाची तिरीप नको, फ्लॅश अजिबात नको. पहिल्या चित्रात पानाशेजारी मोजपट्टी ठेवा. मग प्रत्येक पान, कोरी धरून, क्रमानं. पुसट जागी दुसरं चित्र एका बाजूनं तिरपा प्रकाश टाकून घ्या, बोरूनं कागदावर उठलेले ओरखडे त्यात दिसतात. दर वीस चित्रांनंतर थांबून पानांची संख्या चित्रांशी ताडा. दोन पानं एकदम उलटली गेली असतील तर ते तिथेच कळतं, घरी आल्यावर कळून उपयोग नसतो.

कसर दिसली, म्हणजे चंदेरी किडे किंवा पानांत वळणदार बोगदे, तर त्या ट्रंकेत बाड परत ठेवू नका. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सुती कापडात बांधून द्या. बांधण घट्ट हवं पण कागद मुडपेल इतकं नको. चित्रांचा एक संच बाडाच्या मालकांना त्याच दिवशी द्या.